व्हीएमला होस्टचा सीपीयू झेपत नसेल तर काय करायचं

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, खऱ्या मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) एका होस्टवर, म्हणजे एका खऱ्या मशीनवर मस्त चालतं, दुसऱ्यावर हलवलं की सुरूच होत नाही किंवा आतला प्रोग्राम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत मरतो, तर बहुतेक वेळा भानगड सीपीयू फ्लॅग्जची, म्हणजे सीपीयूला कोणत्या खास सूचना कळतात त्या यादीची असते. आधी होस्ट आणि गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टीम) दोन्हीकडे एलएससीपीयू (lscpu, सीपीयूची माहिती दाखवणारी लिनक्स कमांड) चालवा आणि फ्लॅग्ज शेजारी ठेवून बघा, एव्हीएक्स२ किंवा एईएससारखा फ्लॅग एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं दिसेल.

केव्हीएममध्ये (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) होस्ट-पासथ्रू हे सेटिंग लावलं की गेस्टला होस्टचा सीपीयू जवळपास जसाच्या तसा दिसतो, स्पीड झकास, पण लाइव्ह मायग्रेशन (व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर नेणं) करायचं तर दोन्ही मशीन सारखीच हवीत नाहीतर रडायची वेळ येते. वेगवेगळ्या पिढीची मशीन असतील तर सगळ्यात जुन्या होस्टला जमेल तेच सीपीयू मॉडेल (गेस्टला दाखवायचा सीपीयूचा प्रकार) सगळ्या व्हीएमना द्या, थोडा स्पीड जातो, जाऊ दे. पण फार खालीही जाऊ नका, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ (सीपीयूच्या क्षमतेची एक ठरलेली पातळी) लागतं आणि १० ला व्ही३, म्हणून जुनं केव्हीएम६४ मॉडेल ठेवलं तर ते बूटच होत नाहीत. इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम हलवायच्या फंदात तर पडूच नका, बंद करूनच न्या.

आणि हो, मॉडेल बदलल्यावर गेस्टच्या आतून रीबूट करून उपयोग नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा, मी यातच एक आख्खी संध्याकाळ घालवलीये.