स्वीटहार्ट बॅज जमवताना या चुका टाळा

पहिल्या महायुद्धात आघाडीवर निघालेला ब्रिटिश सैनिक आपल्या पलटणीच्या चिन्हाची छोटी ब्रोच घरी देऊन जायचा; तिलाच स्वीटहार्ट बॅज म्हणतात. ती प्रेयसीलाच दिलेली असते, असं नाही; आई, बहीण, बायको, कुणालाही. विक्रेत्याच्या तोंडची प्रेमकथा कागदाचा आधार नसेल तर किमतीत धरू नका.

सगळ्यात जास्त फसगत चिन्हावरच्या मुकुटामुळे होते. संग्राहक ज्याला ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात तो १९०१ ते १९५२ पर्यंत चालला, म्हणजे दोन्ही महायुद्धं त्यात आली. तेवढ्यावरून ‘१९१४-१८’ अशी चिठ्ठी लावू नका, दलाचं नाव वाचा आणि ते कधी चालू होतं ते पाहा. रॉयल फ्लाइंग कोअरची १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स झाली. मशीनगन कोअर १९१५ मध्ये उभी राहिली आणि १९२२ मध्ये मोडली. रॉयल इंजिनिअर्सच्या चिन्हात राजाची आद्याक्षरं असतात; पाचवा जॉर्ज की सहावा, एवढं पाहिलं तरी युद्ध कळतं. आपल्या मराठा पलटणींनाही हाच नियम: १०३, १०५, ११० असे जुने आकडे १९२२ मध्ये गेले, ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ आली आणि १९४५ मध्ये तो ५ सुद्धा गळला.

मागे बारीक लंगर दिसला म्हणून ब्रोच नौदलाची ठरवू नका. तो बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणीचा शिक्का. शेजारचा चालता सिंह ९२.५ टक्के चांदीचा, आणि सुटं अक्षर वर्षाचं.

आता साफसफाई. इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. पितळेला चिंच लावायची आपली सवय. शिंपल्यावर बसवलेली एक ब्रोच मी तशीच घासली आणि शिंपल्याची झळाळी कायमची गेली. आंबट पदार्थ शिंपला खातो. मीनाकारी पाण्यात भिजत ठेवू नका, गरम पाण्यात तर मुळीच नाही. मऊ कोरडं कापड पुरे.

घासण्याआधी पाठ भिंगाखाली बघा. सुईने ओरखडलेलं नाव, सैनिक क्रमांक, तारीख असली तर तिथेच असते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची बहुतेक सेवापत्रकं सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली, पण कुणाला कोणती पदकं मिळाली याच्या कार्डांच्या प्रती लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नाव-क्रमांक हाती असेल तर तिथे माणूस सापडू शकतो. आधी फोटो काढा, अक्षरं उतरवून घ्या, मगच कापड लावा.