सौरडाग पाहून प्रोटॉन वादळाचा अंदाज कसा बांधावा

प्रोटॉन वादळ म्हणजे सूर्याकडून पृथ्वीकडे येणारा वेगवान प्रोटॉनांचा मारा. त्याचा अंदाज बांधताना डागाच्या आकाराला भुलू नका. ऑक्टोबर 2014 मधला एआर (सक्रिय प्रदेश) 12192 हा 24 वर्षांतला सर्वांत मोठा डागसमूह होता. त्याने एक्स वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीच्या, सहा सौरज्वाला सोडल्या, पण एकीनेही पृथ्वीजवळ प्रोटॉन वादळ आणलं नाही. वरच्या बळकट चुंबकीय कमानींनी प्लाझ्मा दाबून धरला, त्यामुळे मोठा सीएमई, म्हणजे प्लाझ्माचा लोट, सुटलाच नाही. मोठ्या वादळातले बहुतेक कण वेगवान सीएमईपुढे उठणाऱ्या आघात-लाटेत वेग घेतात. नुसती ज्वाला पुरत नाही.

एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहाच्या चुंबकीय नकाशात आधी बीटा-गॅमा-डेल्टा रचना, म्हणजे गुंतागुंतीने मिसळलेले चुंबकीय ध्रुव, शोधा. एकाच उपछायेत (डागाच्या गडद गाभ्याभोवतीच्या फिकट पट्ट्यात) विरुद्ध ध्रुवांचे डाग दाटीने असतील, तर तो प्रदेश नजरेआड होऊ देऊ नका.

मग रेखांश पाहा, कारण सगळं गणित इथे फिरतं. कण चुंबकीय रेषांवरून प्रवास करतात आणि सूर्य फिरत असल्याने या रेषा सर्पिलाकार वळतात. सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला 400 किमी असेल, तर पृथ्वीला भिडणारी रेषा सूर्याच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण 55 ते 60 अंशांवर उगम पावते. उत्तर वर असलेल्या चित्रात ही बाजू उजवीकडे येते. डाग रोज सुमारे 13 अंश सरकतो. म्हणजे मध्य ओलांडल्यावर चार-साडेचार दिवसांनी तो सर्वांत धोक्याच्या जागी असतो. 20 जानेवारी 2005 ला एआर 10720 पश्चिम 61 अंशांवर होता. त्याच्या एक्स 7 ज्वालेनंतर काही मिनिटांतच जमिनीवरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांनी (वेगवान कणांची चाहूल टिपणाऱ्या उपकरणांनी) उसळी नोंदवली.

ज्वाला उठली की तिचा क्ष-किरण आलेख किती सावकाश उतरतो ते पाहा. तासन्‌तास रेंगाळला आणि टाइप-2 रेडिओ स्फोटही (आघात-लाटेमुळे उठणारा रेडिओ संकेत) नोंदला गेला, तर आघात-लाट उठल्याचा संशय पक्का होतो. सोहो या सूर्यनिरीक्षक यानाच्या चित्रांतून सीएमईचा वेग काढा. सेकंदाला 1000 किमीच्या पुढे गेला तर सावध व्हा. हे मोजमाप लवकर उरका. प्रोटॉन कॅमेऱ्यावर आदळू लागले की चित्रभर पांढरे ठिपके पडतात आणि लोटाची कड हरवते.

शेवटी गोज या अमेरिकी हवामान उपग्रहाचा प्रोटॉन आलेख उघडा. 10 एमईव्हीपेक्षा (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) जास्त ऊर्जेचे प्रोटॉन 10 पीएफयूला (पीएफयू हे प्रोटॉनांच्या माऱ्याचं एकक) पोहोचले की एस1, म्हणजे वादळाची पहिली पातळी. पुढची प्रत्येक पायरी दसपट. 100 एमईव्हीची रेषा आधी उसळली, तर ध्रुवीय मार्गावरच्या विमानांचा हाय फ्रीक्वेन्सी रेडिओ लवकरच बंद पडू शकतो.

पूर्वेकडच्या स्फोटात फसगत होते. आलेख सपाट दिसतो म्हणून लक्ष काढून घेतलं जातं. कण मात्र हळूहळू वाढत, एक ते तीन दिवसांनी आघात-लाट पृथ्वीवरून जाताना शिखर गाठू शकतात.