दुबईचा खर्च महिन्यावर नाही, वर्षावर मांडा

दुबईत नोकरी लागली की नात्यातली, ओळखीतली मुलं मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, आठ हजार दिरहम म्हणजे बरे ना? रुपयांत केवढे होतात बघ." मी देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते, पगारपत्रकं माझ्या हातून जातात, राहायला अल कुसैसला आहे. त्या अनुभवावरून सांगते की रुपयांच्या गुणाकाराने इथला पगार कळत नाही. इथे पगार दर महिन्याला येतो, पण मोठे खर्च गठ्ठ्याने येतात. भाडं चेकने तीन-तीन महिन्यांचं आगाऊ, शाळेची फी टर्मला, व्हिसा दोन वर्षांनी, विमा वर्षाला आणि विमानाची तिकिटं ऐन जुलैत. महिन्याचा हिशेब चोख ठेवणारी माणसंसुद्धा अशा एखाद्या महिन्यात क्रेडिट कार्डाला हात घालतात. ते टाळण्यासाठी काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

ऑफर लेटर हातात आलं की

आधी बेसिक किती आहे ते बघा. एकूण आठ हजार आणि बेसिक चार हजार, बाकी भत्ते, अशी मांडणी सर्रास असते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक आणि त्यापुढे ३० दिवसांचं. चार हजार बेसिकवर वर्षाचे २,८०० दिरहम होतात. तोच आठ हजार पगार, पण बेसिक ५,६०० असेल तर ३,९२०. पाच वर्षांत हा फरक ५,६०० दिरहमवर जातो. बोलणी करायची तर इथे करा. कंपन्या एकूण आकडा वाढवायला नाखूष असतात, पण बेसिकचा वाटा थोडा वाढवून मागितला तर पुष्कळदा ऐकतात.

दुसरं, व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कायद्याने कंपनीचा असतो. तो तुमच्या पगारातून कापू असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा. तुमचा आरोग्य विमाही दुबईत कंपनीनेच द्यायचा. बायको-मुलांचा विमा मात्र त्यांचा व्हिसा जो काढतो त्याची जबाबदारी, म्हणून कंपनी तो देते का हे लेखी विचारून घ्या. कुटुंब आणायला पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. हा कागदावरचा नियम झाला. चार हजारांत इथे कुटुंब पोसता येत नाही, हे स्पष्टच सांगते.

लग्नाचा दाखला, डिग्री, मुलांचे जन्मदाखले यांचं अटेस्टेशन, म्हणजे ते खरे असल्याचं सरकारी प्रमाणीकरण, भारतातच उरकून या. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात असा त्याचा क्रम असतो. इथे आल्यावर हीच कामं एजंटकडून करून घ्यावी लागतात आणि त्यात पैसा आणि आठवडे दोन्ही जातात.

घरात शिरण्याआधी किती रोख लागते

ऑनलाइन जाहिरातीत वर्षाचं भाडं दिसतं. समजा कुसैस किंवा अल नहदाकडे वन बेडरूमचं वर्षाचं भाडं ६०,००० दिरहम ठरलं आणि मालक चार चेकला तयार झाला. म्हणजे १५,००० चा पहिला चेक लगेच वटणार. डिपॉझिट ५ टक्के, ३,०००. एजंटचं कमिशन साधारण तेवढंच आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, ३,१५०. भाडेकराराची सरकारी नोंदणी म्हणजे एजारी, त्याचे २२० च्या आसपास. देवा, म्हणजे वीज-पाणी देणाऱ्या सरकारी कंपनीचं फ्लॅटसाठी डिपॉझिट २,००० आणि जोडणीचे शंभर-सव्वाशे. बेरीज साधारण २३,५०० दिरहम होते आणि घरात अजून एक गादीसुद्धा आलेली नसते. फर्निचर असलेलं घर घेतलंत तर डिपॉझिट बहुधा १० टक्के.

एवढी रक्कम नव्याने येणाऱ्याकडे नसते, म्हणून पहिले काही महिने बहुतेकजण बेड स्पेस, म्हणजे खोलीतला फक्त एक पलंग भाड्याने घेऊन, किंवा शेअरिंगमध्ये काढतात. त्यात कमीपणा काही नाही. पण जागा बघताना दोन गोष्टी पक्क्या करा. प्लायवूड घालून एका हॉलच्या चार खोल्या केलेल्या असतील तर तिथे राहू नका. आगीच्या दृष्टीने ते धोक्याचं आहेच, शिवाय महापालिकेने २०२५ च्या जूनमध्ये रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा, रफ्फा या भागांत अशा पार्टिशनविरुद्ध मोहीम काढली होती. तेव्हा लोकांना घाईघाईने दुसरी जागा शोधावी लागली. दुसरं, घराची एजारी कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि सहरहिवासी म्हणून तुमचं नाव नोंदवायला सांगा. भारतात बसून, जागा न बघता, कोणाला आगाऊ पैसे पाठवू नका.

शारजात भाडं कमी, हे खरं. पण गाडीने अल मम्झरच्या सालिक टोलमधून जाणार असाल तर गर्दीच्या वेळी, सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, एका वेळेला ६ दिरहम. जाऊन-येऊन १२, महिन्याच्या २२ दिवसांचे २६४. अल इत्तिहाद रस्त्यावर रोज जाणारा वेळ वेगळा. ऑफिस दुबई मरीनाकडे असेल तर शारजा घेऊ नका असंच मी सांगेन. ऑफिस देरा किंवा कुसैसला असेल तर विचार करायला हरकत नाही.

भाडं वाढवायचं तर मालकाला करार संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं, आणि किती वाढवता येईल तेही ठरलेलं आहे. तुमचं भाडं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. फरक जसा जास्त तशी ५, १०, १५ आणि फार तर २० टक्के. बाजारभाव म्हणजे मालकाच्या मनातला नव्हे. दुबई लँड डिपार्टमेंटच्या निर्देशांकात तुमच्या इमारतीचा आकडा मिळतो, जानेवारी २०२५ पासून तो नव्या स्वरूपात आला आहे. वाढीचा निरोप आला की गयावया करू नका, आधी तो आकडा काढा आणि त्याचा फोटो मालकाला पाठवा. आमच्या इमारतीत यावर दोन घरांचं भाडं जागच्या जागी राहिलं.

वीज, पाणी आणि उन्हाळा

देवाच्या बिलात विजेचे २,००० युनिटपर्यंत युनिटला २३ फिल्स (शंभर फिल्सचा एक दिरहम), वर इंधन अधिभार, पाणी, सांडपाणी आणि व्हॅट. नवीन माणूस दचकतो तो हाउसिंग फी बघून. वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के महापालिकेची ही फी बारा हप्त्यांत याच बिलातून जाते. ६०,००० भाड्यावर महिन्याला २५० दिरहम. भाडं ठरवतानाच ती मनात धरा.

घर बघताना "चिलर फ्री आहे का?" हा प्रश्न विसरू नका. फ्री असेल तर एसीच्या गारव्याचा खर्च मालकाकडे. नसेल आणि इमारतीला डिस्ट्रिक्ट कूलिंग, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या मध्यवर्ती केंद्रातून येणारा गारवा, असेल तर वेगळं बिल, वेगळं डिपॉझिट, आणि तुम्ही महिनाभर गावी असलात तरी ठरावीक आकार चालूच राहतो. भाडं पाच हजारांनी कमी दिसणारी नवी चकचकीत इमारत याच बिलामुळे जुन्यापेक्षा महाग पडू शकते.

जून ते सप्टेंबर गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड नळाखाली हात धरवत नाही. आमच्याकडे मे सरता सरता गिझरचं बटण बंद होतं. गिझरची टाकी बाथरूमच्या छताशी, घरातल्या गारव्यात असते. बटण बंद असलं की रात्रभरात तिच्यातलं पाणी निवतं आणि सकाळी गरम नळातून अंघोळीजोगं पाणी येतं. टाकी लहान असते, दोन अंघोळींनंतर गच्चीवरचं कढत पाणी तिच्यात शिरतं. म्हणून आधी मुलांच्या अंघोळी उरकायच्या. चार महिने गिझरची वीज वाचते ती निराळीच.

जाणं-येणं

मेट्रो-बसचं पैसे भरून वापरायचं कार्ड म्हणजे नोल. त्यावरचा मेट्रोचा साधा दर एका झोनला ३ दिरहम, दोन झोनला ५, त्याहून लांब ७.५०. महिन्याचा पास अनुक्रमे १४०, २३० आणि ३५०. आता गणित करा. लांबचा प्रवास, आठवड्यात पाच दिवस ऑफिस, म्हणजे महिन्याला २२ दिवस रोजचे १५ दिरहम, ३३० झाले. पास महाग पडला. सहा दिवसांचा आठवडा असेल तर २६ दिवसांचे ३९० होतात, तेव्हा पास घ्या. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासात बस पकडली तर तो एकच प्रवास धरतात, म्हणून मध्ये खरेदीला रेंगाळू नका. डब्यात खाणं-पिणं, अगदी च्युइंग गमसुद्धा, १०० दिरहम दंड. बर दुबईहून देऱ्याला जायचं असेल तर खाडीतून अब्रा, म्हणजे लाकडी होडी, अजून एका दिरहमात नेते. थंडीत तर मी मुद्दाम तिनेच जाते.

गाडीची घाई करू नका. भारतीय लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही. शिकवणी आणि परीक्षांना काही हजार दिरहम जातात.

बाजारहाट

भारतातून विमानाने येणारी गवार, भेंडी, मेथी महाग, ओमान-इराणची भाजी स्वस्त. नोव्हेंबर ते मार्च इथल्याच शेतांतली काकडी, टोमॅटो, वांगी येतात, तेव्हा तीच घ्या. ज्वारी-बाजरीचं पीठ, पोहे, गोडा मसाला यांसाठी बॅगेतलं वजन वाया घालवू नका. धनंजय दातारांच्या अल अदिलमध्ये आणि मीना बाजाराच्या आसपास सगळं मिळतं. मासे घ्यायचे तर देऱ्याचं वॉटरफ्रंट मार्केट. इमारतीखालची ग्रोसरी फोनवर दूध-ब्रेड वर आणून देते, पण महिन्याचं सामान तिथून भरू नका. वहीवर उधारी तर अजिबात ठेवू नका, कारण ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

पगाराच्या दिवशी काय करायचं

एका पानावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. माझ्या पानावर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरमध्ये भाड्याचे चेक आहेत. एप्रिलमध्ये इथल्या भारतीय शाळांचं वर्ष सुरू होतं, तेव्हा पहिली फी, गणवेश, बस. बसचे पैसे फीपेक्षा वेगळे असतात. शाळेला किती फी घ्यायची परवानगी आहे ते इयत्तेप्रमाणे केएचडीएच्या, म्हणजे दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर बघता येतं. जुलैत तिकिटं. ज्या महिन्यात व्हिसा संपतो तिथे तो खर्च. बेरोजगारी विम्याचे महिन्याला ५ दिरहम, बेसिक १६,००० च्या वर असेल तर १०. रक्कम छोटी, पण चुकवली तर दंड होतो. सगळ्याची बेरीज करून बाराने भागा. तेवढी रक्कम पगार जमा झाला की लगेच दुसऱ्या बचत खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड जवळ ठेवू नका.

घरी पैसे पाठवणं त्यानंतर. ऐकायला हे कठोर वाटतं. आई-वडिलांना आधी, हे आपल्या सगळ्यांच्या मनात असतं, माझ्याही आहे. पण भाड्याचा चेक बाउन्स झाला तर मालक थेट वसुलीला जाऊ शकतो, प्रकरण प्रवासबंदीपर्यंत पोहोचू शकतं, आणि मग घरी जाणारे पैसेच बंद होतात. घरच्यांना पहिल्याच महिन्यात खरा आकडा सांगा. तो वाढवणं सोपं असतं, कमी करताना जीव तुटतो.

पाठवायचे पैसे एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी भारतीयांच्या खात्यात पाठवा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. भारतातलं जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करून घ्या, तो नियमच आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की इथून जास्त रुपये पोहोचतात. हातात शिल्लक असेल तर चार दिवस दराची वाट बघा. पण दर चांगला आहे म्हणून कार्डावर कर्ज काढून पैसे पाठवणं थांबवा. कार्डाचं व्याज दराचा सगळा फायदा खाऊन टाकतं. हे मी ऑफिसातल्या तरुण मुलांना पुन्हा पुन्हा सांगते.

देवाची, घराच्या डिपॉझिटची आणि एजारीची पावती पहिल्याच दिवशी स्कॅन करून ठेवा. घर सोडताना जोडणी बंद करायचा अर्ज केला की शेवटचं बिल वजा होऊन देवाचे पैसे परत मिळतात. मालकाकडचं डिपॉझिट परत घेताना भिंती, एसी, ओटा यांचे घर ताब्यात घेतलं त्या दिवशीचे फोटो कामी येतात. तारीख दिसेल असे काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा.