वाचनालयाच्या सभागृहात जगभरचे चित्रपट आणि माहितीपट: मासिक उपक्रम कसा उभारावा

नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा (१८७०) आणि मृत्यू नाशिकचा (१९४४). अशा गावात वाचनालयाने आपल्या सभागृहात देशोदेशीचे चित्रपट दाखवावेत, हे त्याच्या मूळ कामाचेच पुढचे पाऊल आहे. ‘नाशिकला असे चित्रपट पाहायला माणसे येत नाहीत’ ही तक्रार मला पटत नाही. वसंत व्याख्यानमालेसाठी ऐन मे महिन्यात गोदाघाटावर बसून व्याख्याने ऐकणारे हे शहर आहे. माणसे पहिल्या खेळाला येतात, दुसऱ्याला येत नाहीत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की भाषा अनोळखी, खालची इंग्रजी अक्षरे भराभर पळणारी, त्यांतली अर्धी समोरच्याच्या डोक्याआड गेलेली आणि चित्रपट संपताच दिवे लागून खुर्च्या आवरायला सुरुवात झालेली. म्हणून वाचनालयाने चित्रपट नुसता लावू नये. तो प्रेक्षकाला वाचता येईल असा त्याच्यापुढे ठेवावा. पुढील सर्व सूचना या एका हेतूने केल्या आहेत.

आरंभ: माणसे, वार आणि वेळ

सुरुवातीला चार-पाच जणांची समिती पुरते. त्यांतील एकाने पत्रव्यवहार आणि परवानग्या, एकाने यंत्रे, एकाने मराठी मजकूर आणि एकाने चर्चा सांभाळावी. ग्रंथपाल समितीत असलेच पाहिजेत. महिन्यातील एक वार कायमचा ठरवावा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, आणि सभागृहाला नाटकाची तारीख मिळाली म्हणून तो हलवू नये. वेळ ठरवताना सिडको, सातपूर आणि नाशिकरोडच्या प्रेक्षकांचा विचार करून सिटीलिंकच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहावी. साडेपाचला खेळ सुरू करून चर्चेसह आठच्या सुमारास सर्व आटोपले, तर दूरचे प्रेक्षक आणि एकट्या येणाऱ्या स्त्रिया निर्धास्तपणे चर्चेला थांबतात. साडेसातचा खेळ कितीही सोयीचा वाटला तरी तो चर्चेचा बळी घेतो.

चित्रपटांची निवड

वर्षाचे बारा चित्रपट एकदम ठरवावेत, कारण परवानगीला दोन-तीन महिने लागू शकतात. एका महिन्यात कथापट आणि पुढच्या महिन्यात माहितीपट हा क्रम चांगला चालतो. पहिल्या सहा महिन्यांत शंभर मिनिटांहून लांब चित्रपट घेऊ नये. जगभर गाजलेली अवघड कलाकृती पहिल्याच खेळाला लावण्याचा मोह समितीतील जाणकारांना होतो, तो टाळावा. मात्र संथ चित्रपटाला भिण्याचे कारण नाही. घरातील माणसे, शेजार, शाळा, म्हातारपण यांविषयीचा संथ इराणी किंवा जपानी चित्रपट मराठी प्रेक्षक फार मनापासून पाहतो, कारण त्या घरांतील अबोला आणि आदरातिथ्य त्याला परके वाटत नाही.

माहितीपट निवडताना नाशिकच्या जगण्यातून धागा काढावा. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना दुसऱ्या देशातील नदीवरचा माहितीपट, द्राक्ष आणि कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्याला परदेशातील शेतकऱ्यावरचा माहितीपट, येवल्याच्या विणकरांना दुसरीकडच्या हातमागावरचा माहितीपट दाखवला, की चर्चेला विषय शोधावा लागत नाही. प्रत्येक चित्रपटामागे वाचनालयातील निदान सात-आठ पुस्तके उभी करता येतील का, हा प्रश्न निवडीच्या वेळीच ग्रंथपालांना विचारावा. एकही पुस्तक सापडत नसेल, तर चित्रपट सोडण्याऐवजी ग्रंथखरेदीच्या यादीत भर घालणे मला अधिक योग्य वाटते.

परवानगी: दोन वेगळ्या गोष्टी

येथे सर्वाधिक गैरसमज आढळतात. प्रवेश विनामूल्य असला की परवानगी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचे सदस्यत्व घरगुती पाहण्यापुरते असते, आणि सभागृहात दाखवण्याचा हक्क हक्कधारकाकडून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे फार जुने मूकपट मोकळे झालेले असतात. पण अलीकडे दुरुस्त करून नवे संगीत जोडलेल्या प्रतीवर त्या संगीताचे स्वतंत्र हक्क असू शकतात, म्हणून कोणती प्रत आपल्या हाती आहे हे तपासावे.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले आहेत. वाचनालयाच्या बालविभागातील मुले खेळाला येणार असतील, तर ही श्रेणी सूचनाफलकावर ठळक लिहावी. अनेक परदेशी चित्रपटांना आणि स्वतंत्र माहितीपटांना भारतीय प्रमाणपत्र नसते. अशा वेळी फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांसाठी चित्रपट दाखवणारी संस्था, स्थापन करून, १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न होणे आणि केवळ सभासदांसाठी खेळ करण्याविषयी त्यांचे मार्गदर्शन घेणे हा रुळलेला मार्ग आहे. सभागृहाच्या परवान्यासंबंधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाणे यांच्याकडे लेखी विचारणा करून उत्तराची प्रत दप्तरी ठेवावी.

चित्रपट मिळवण्यासाठी परदेशी सांस्कृतिक संस्थांना आधी पत्र लिहावे. जर्मनीची मॅक्सम्युलर भवन आणि फ्रान्सची आलियाँस फ्राँसेज या संस्था मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, जपान फाउंडेशन दिल्लीत आहे, आणि विनामूल्य सांस्कृतिक खेळांसाठी चित्रपट उपलब्ध करून देणे हा अशा संस्थांच्या कामाचाच भाग असतो. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि माहितीपटांसाठी १९४८ पासून काम केलेल्या फिल्म्स डिव्हिजनचा साठा महत्त्वाचा आहे. या दोन्ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या आहेत. स्वतंत्र माहितीपटांचे हक्क बहुधा दिग्दर्शकाकडेच असतात, त्यामुळे त्यांनाच थेट लिहावे. पत्रात आसनसंख्या, खेळाची तारीख, खेळ एकच होणार असल्याची हमी, तिकीट नसल्याचा उल्लेख, हवी असलेली फाइल आणि देऊ शकत असलेले मानधन स्पष्ट लिहावे. मानधन लहान असले तरी द्यावेच. चार-चार वर्षे खपून माहितीपट करणाऱ्या माणसाला ‘आपल्या कामाला प्रसिद्धी मिळेल’ एवढ्यावर बोळवणे वाचनालयासारख्या संस्थेला शोभत नाही.

पडदा, उजेड आणि आवाज

वाचनालयांची बहुतेक छोटी सभागृहे सपाट जमिनीची असतात, आणि तिथे पडद्याची उंची हाच कळीचा प्रश्न ठरतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर येते, म्हणून पडद्याची खालची कड निदान पाच फुटांवर हवी. छत साडेअकरा फुटांचे असेल आणि वर अर्धा फूट सोडला, तर चित्राला सहा फूट उंची मिळते आणि सोळास नऊ या प्रमाणात रुंदी पावणेअकरा फुटांच्या आसपास येते. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा, म्हणजे येथे छत्तीस फुटांपेक्षा, दूर नसावी. मोठ्या पडद्याच्या हौसेने खालची कड तीन फुटांवर आणली, तर पाचव्या रांगेपासून मागे सबटायटल दिसत नाहीत; आमच्या पहिल्या खेळाला नेमके हेच झाले, आणि मागे बसलेले ज्येष्ठ वाचक मध्यंतरातच उठून गेले. मागची खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांमधल्या फटीमागे येईल अशा सरकवून मांडल्या, तर आणखी फरक पडतो.

प्रोजेक्टर घेताना हिशेब करावा. चित्रपटगृहातील उजेडाचे प्रमाण दर चौरस फुटाला सुमारे चौदा ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) धरले, तर वरच्या पडद्याच्या चौसष्ट चौरस फुटांना नऊशेच्या आसपास ल्युमेन लागतात. मात्र यंत्रावर छापलेला आकडा प्रत्यक्षात बराच कमी भरतो, दिवाही जुना होत जातो आणि खिडक्यांतून उजेड शिरतो, त्यामुळे तीन ते साडेतीन हजार ल्युमेनचे यंत्र घ्यावे. त्याहून अधिक पैसे असतील तर ते काळ्या जाड पडद्यांवर खर्च करावेत, कारण साडेपाचच्या खेळाला पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हावर कोणतेही यंत्र मात करू शकत नाही.

आवाजाचे दोन ध्वनिक्षेपक (स्पीकर) पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर असावेत. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत टांगलेले भाषणाचे ध्वनिक्षेपक चित्रपटाला चालत नाहीत. फाइलमध्ये सहा वाहिन्यांचा आवाज असेल आणि तो दोन ध्वनिक्षेपकांवर नीट एकत्र केला नाही, तर संगीत मोठे आणि संवाद गायब असा प्रकार होतो, कारण संवाद मधल्या वाहिनीत असतात. प्लेअरमध्ये ‘स्टिरिओ’ ही निवड आधीच करून ठेवावी. आदल्या दिवशी संपूर्ण चित्रपट त्याच यंत्रावर, त्याच संगणकावरून एकदा चालवून पाहावा. पहिली दहा मिनिटे पाहून समाधान मानू नये.

मराठी सबटायटल

या उपक्रमातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत मोलाचे काम हेच आहे. इंग्रजी वाचता येणे आणि पळत्या इंग्रजी ओळीमागून चित्रही पाहता येणे यांत फार अंतर आहे. मराठी ओळी दिल्या, की आजवर न येणारा मोठा वाचकवर्ग सभागृहात येतो. भाषांतर हा मूळ हक्कधारकाचा अधिकार असल्याने परवानगीच्या पत्रातच मराठी सबटायटलची विचारणा करावी. बहुतेक स्वतंत्र दिग्दर्शक ती आनंदाने देतात, कारण तयार झालेली फाइल त्यांनाही पुढे उपयोगी पडते.

नव्वद मिनिटांच्या बोलक्या चित्रपटात साधारण आठशे ते हजार तुकडे असतात. चार स्वयंसेवकांनी ते वाटून घ्यावेत, पण शेवटचा हात एकाच माणसाने फिरवावा, अन्यथा एकच पात्र पहिल्या भागात आईला ‘तू’ आणि तिसऱ्या भागात ‘तुम्ही’ म्हणू लागते. कोण कोणाला अरेतुरे करतो, हे इंग्रजीत दिसत नसल्यामुळे चित्रपट पाहूनच ठरवावे लागते, आणि प्रत्येक जोडीचा तक्ता सुरुवातीलाच करून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येक ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरचिन्हे, आणि तुकडा पडद्यावर एक सेकंदापेक्षा कमी किंवा सहा-सात सेकंदांपेक्षा अधिक न राहणे ही मर्यादा पाळावी. ज्येष्ठ वाचक अधिक असतील, तर शब्द आणखी कमी करावेत. सर्व शब्द उतरवण्यापेक्षा बोलण्याचा रोख आणणे महत्त्वाचे: ‘मला असे वाटते की तू आता निघायला हवेस’ याऐवजी ‘नीघ आता’ पुरते, आणि उरलेल्या वेळात प्रेक्षक नटाचा चेहरा पाहतो.

यासाठी ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फाइल ‘यूटीएफ-८’ या, देवनागरी अक्षरे नीट साठवणाऱ्या, सांकेतिकीकरणात जतन करावी. काही प्रोजेक्टरच्या अंगभूत प्लेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, म्हणून चित्रपट संगणकावरूनच चालवावा किंवा हक्कधारकाच्या संमतीने ओळी चित्रातच उमटवून घ्याव्यात. अक्षरे पांढरी आणि त्यांना काळी किनार असावी. पिवळा रंग हिमाच्या दृश्यांत उपयोगी पडतो.

इतके मनुष्यबळ जमेपर्यंत मूकपटांनी सुरुवात करणे शक्य आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा माहितीपटाच्या इतिहासातील आरंभीचा टप्पा आहे, आणि त्यातील अक्षरपाट्या (दृश्यांच्या मध्ये येणारा लिखित मजकूर) एखाद्या चांगल्या आवाजाच्या सभासदाने मराठीत वाचून दाखवल्या तर मूकपटांच्या काळात आपल्याकडे होणारे वाचन पुन्हा अनुभवता येते. त्यातील काही प्रसंग कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडवून आणले होते, ही माहिती मात्र चित्रपटानंतर द्यावी. ‘मग हा माहितीपट म्हणायचा का?’ या प्रश्नावर सभागृह अर्धा तास बोलते. फाळके यांनीही पहिल्या कथापटाआधी वाटाण्याच्या बीचे रोप होताना थोड्या थोड्या अवधीने टिपून पडद्यावर दाखवले होते, ही गोष्ट त्या चर्चेत सांगण्यासारखी आहे.

खेळाची संध्याकाळ

प्रवेशद्वारी एका पानाचे मराठी टिपण द्यावे. त्यात दिग्दर्शकाचे नाव देवनागरीत योग्य उच्चाराने, देश, वर्ष, भाषा, कालावधी, श्रेणी आणि कथेला हात न लावता दिलेली थोडी पार्श्वभूमी असावी. प्रास्ताविक पाच मिनिटांहून अधिक नको. पाहुण्यांचा सत्कार आणि श्रीफळ यांना खेळाआधी जागा देऊ नये. वीज जाण्याची शक्यता पावसाळ्यात असतेच, म्हणून संगणक आणि प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवावेत.

चित्रपट संपल्यावर श्रेयनामावली पूर्ण चालू द्यावी, दिवे हळूहळू लावावेत आणि दोन मिनिटे कोणी बोलू नये. संवादकाने ‘कसा वाटला?’ असे विचारले, की ‘छान’ या शब्दावर चर्चा थांबते. त्याऐवजी ‘कोणते दृश्य डोळ्यांसमोर राहिले?’ असे विचारावे. बोलण्याचा माइक आधी मागच्या रांगेत न्यावा, नाहीतर पुढे बसलेली नेहमीची तीन माणसेच बोलतात. दिग्दर्शक स्वतः आले असतील तर त्यांनी पहिली पंधरा मिनिटे ऐकावे आणि मग उत्तरे द्यावीत, अशी विनंती आधीच करून ठेवावी. समितीतील एखाद्याने पुण्यात चित्रपट संग्रहालय आणि फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (एफटीआयआय) यांनी चालवलेले रसास्वादाचे वर्ग केले, तर संवादकाचे काम पुष्कळ सुधारते.

सभागृहाच्या दाराशी निवडलेल्या पुस्तकांचे टेबल मांडून तिथेच देवघेव सुरू ठेवावी आणि त्या रात्री किती पुस्तके घरी गेली याची नोंद हजेरीच्या आकड्याशेजारी लिहावी. परवानगीचे पत्र, टिपणाची प्रत, मराठी सबटायटलची फाइल आणि चर्चेचा अर्धा पान सारांश एका क्रमांकाखाली वाचनालयाच्या नोंदवहीत चढवावा आणि तोच क्रमांक तालिकेत त्या विषयाच्या पुस्तकांबरोबर द्यावा, म्हणजे दोन वर्षांनी हातमागावरचे पुस्तक मागणाऱ्या वाचकाला ग्रंथपाल त्या माहितीपटाचे टिपणही काढून देऊ शकतील.