सीटी स्कॅन लिहून दिला असेल तर किरणोत्सर्गाचा हिशेब कसा ठेवावा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर पोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला की घरात दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. ‘रेडिएशनने कॅन्सर होतो, नकोच तो’ असे एक जण म्हणतो, तर दुसरा ‘एकदाचे डोक्यापासून पायापर्यंत सगळे तपासून घेऊ’ असे सुचवतो. पहिल्याच्या भीतीपायी फुटायला आलेले अपेंडिक्स किंवा मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळत नाही, आणि दुसऱ्याच्या हौसेपायी गरज नसलेला किरणोत्सर्ग अंगावर घेतला जातो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, साधा ताप आलेले लोकही स्वतःहून ‘एचआरसीटी’, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, काढून घेत होते आणि फुप्फुसे किती बाधित आहेत याचा पंचवीसपैकी किती ‘स्कोअर’ आला ते एकमेकांना फोनवर सांगत होते. त्यांतल्या अनेकांच्या औषधपाण्यात त्या आकड्याने काहीही बदल झाला नव्हता.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘डॉक्टर, या स्कॅनमध्ये काही दिसले तर आपण काय करणार, आणि काही दिसले नाही तर काय करणार?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तपासणी थांबवता येईल का हे तिथेच बोलून घ्यावे. दुसरा प्रश्न असा की हेच सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये कळेल का, कारण त्या दोन्हींत किरणोत्सर्ग नसतो. मूतखडा एकदा सापडल्यावर तो सरकला का हे पाहण्यासाठी पुष्कळदा सोनोग्राफी पुरते. डॉक्टरांना राग येईल या संकोचाने आपल्याकडे हे विचारले जात नाही, पण नीट शब्दांत विचारलेल्या प्रश्नाचे चांगल्या डॉक्टरांना ओझे वाटत नाही. अपघात, पक्षाघाताचा झटका किंवा अचानक उठलेली असह्य पोटदुखी असेल, तर मात्र हे प्रश्न बाजूला ठेवावेत आणि रुग्णाला सरळ स्कॅनसाठी आत जाऊ द्यावे.

आकड्यांचा अंदाज असला की भीती आणि हौस दोन्ही आवाक्यात येतात. शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवेतला रेडॉन वायू, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांतून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका साध्या एक्स-रेत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, डोक्याच्या सीटीत सुमारे २ आणि पोटाच्या सीटीत ८ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतात. याचा अर्थ असा की छातीच्या एक्स-रेची धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि ‘सीटी म्हणजे मोठा एक्स-रेच की’ हेही खरे नाही. हिरोशिमा आणि नागासाकी येथे वाचलेल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासावरून जो ठोकताळा बांधला गेला, त्यानुसार दोन हजार माणसांना प्रत्येकी १० मिलिसिव्हर्ट मिळाले, तर त्यांतल्या साधारण एकाचा आयुष्यात पुढे केव्हातरी त्यामुळे कर्करोगाने मृत्यू होण्याचा संभव असतो. मोठ्या मात्रांवरून काढलेला अंदाज लहान मात्रांना लावताना सावधगिरी म्हणून सरळ रेषेचे गणित धरलेले आहे, म्हणजे मात्रा निम्मी तर धोकाही निम्मा. गरजेच्या स्कॅनपुढे हा धोका किरकोळ ठरतो. विनाकारण काढलेल्या स्कॅनच्या बाबतीत मात्र तो नुसताच पदरी पडतो.

आपल्याला नेमके किती मिळाले, हे बहुतेक सीटी यंत्रे लिहून देतात, पण ते पान फारसे कुणी वाचत नाही. फिल्मच्या शेवटच्या चौकटीत किंवा सीडीतल्या शेवटच्या चित्रावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा एक तक्ता असतो, त्याला डोस रिपोर्ट म्हणतात. त्यात ‘डीएलपी’ नावाचा रकाना असतो, म्हणजे किरणांची मात्रा आणि स्कॅन केलेल्या भागाची लांबी यांचा गुणाकार, आणि तळाशी एकूण डीएलपीचा आकडा असतो. प्रौढ माणसाच्या पोटाच्या स्कॅनसाठी त्या आकड्याला ०.०१५ ने, छातीसाठी ०.०१४ ने आणि डोक्यासाठी ०.००२१ ने गुणले की मिलिसिव्हर्टचा ढोबळ आकडा मिळतो. पोटाच्या स्कॅनचा डीएलपी ६४० असेल, तर तो ९.६ मिलिसिव्हर्ट झाला, म्हणजे चार वर्षांत निसर्गातून मिळतात तेवढा.

माझ्या मामी आजारी असताना त्यांच्या फिल्मची प्लॅस्टिकची पिशवी मी एकदा जमिनीवर पसरून बसलो होतो. चार महिन्यांत पोटाचे तीन स्कॅन झाले होते. तिन्हींचे डीएलपी मी एका कागदावर मांडले: ६४०, १४२० आणि ६९०. बेरीज २७५०, म्हणजे ४१ मिलिसिव्हर्टच्या आसपास. मधला स्कॅन दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात झाला होता, आणि तो का झाला तर पहिल्या स्कॅनची सीडी घरी कपाटात राहिली होती, सोबत नेला होता तो फक्त छापील रिपोर्ट. रिपोर्टवरून नव्या डॉक्टरांना चित्रे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांनी पुन्हा स्कॅन लिहून दिला. शिवाय त्या मधल्या तक्त्यात एकाच भागाच्या तीन ओळी होत्या: औषध टोचण्यापूर्वीची, टोचल्यावर लगेचची आणि काही वेळानंतरची. प्रत्येक फेरीचा किरणोत्सर्ग वेगळा मोजला जातो. काही आजारांत, विशेषतः यकृताच्या गाठींत, या सगळ्या फेऱ्या लागतात, पण सर्वांना त्या लागत नाहीत. त्यामुळे ‘सगळ्या फेऱ्या आवश्यक आहेत का’ एवढे रेडिओलॉजिस्टना आधी विचारून ठेवावे. मामींच्या बाबतीत हे विचारायचे आमच्यापैकी कुणालाच सुचले नाही, याची मला आजही खंत आहे.

मुलांच्या बाबतीत अधिक दक्ष राहावे लागते. त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात, पुढचे आयुष्य लांब असते आणि शरीर लहान असल्यामुळे तेवढ्याच डीएलपीचा परिणामही जास्त होतो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या स्कॅनसाठी गुणक ०.००४ धरतात, म्हणजे प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट. ब्रिटनमधल्या मुलांच्या सीटी स्कॅनचा जो मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांखालील दहा हजार मुलांच्या डोक्याच्या स्कॅनमागे पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा अंदाज निघाला. मूल पलंगावरून पडले आणि डॉक्टर ‘काही तास नजरेखाली ठेवू’ म्हणाले, तर स्कॅनचा हट्ट धरू नये. डॉक्टर स्कॅन करा म्हणाले, तर या आकड्याला घाबरून नाहीही म्हणू नये. फक्त यंत्र मुलाच्या वजनाप्रमाणे लावले आहे ना, हे टेक्निशियनला विचारावे. एक्स-रे काढताना मुलाला धरावे लागले, तर घरातल्या मोठ्या माणसाने शिशाचा एप्रन घालून धरावे. गरोदर बाईने धरू नये.

पाळी चुकली असेल किंवा गर्भाची शक्यता असेल, तर ते आत जाण्यापूर्वी सांगावे, संकोच बाळगू नये. मात्र गरोदरपण कळण्याआधी दाताचा, हाताचा किंवा छातीचा एक्स-रे झाला असेल, तर घाबरून गर्भपाताचा विचार मनात आणू नये. गर्भाला थेट इजा होण्याची भीती १०० मिलिग्रेच्या पुढे धरली जाते (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे माप). अशा एक्स-रेत त्याच्या अगदी नगण्य अंशाइतकेच किरण गर्भापर्यंत पोचतात आणि पोटाचा एक सीटी झाला तरीही मात्रा सहसा या मर्यादेच्या बरीच खाली राहते.

त्वचा लाल होणे, केस गळणे किंवा मोतीबिंदू होणे हे परिणाम वेगळ्या जातीचे आहेत. ठराविक मात्रा ओलांडल्याशिवाय ते होत नाहीत आणि साध्या तपासण्यांत ती ओलांडली जात नाही. अपवाद आहे तो लांबलेल्या अँजिओप्लास्टीचा. त्यात एक्स-रेचा झोत बराच वेळ पाठीच्या एकाच जागेवर पडू शकतो. प्रक्रिया फार वेळ चालली असेल, तर पुढचे काही आठवडे घरच्यांनी रुग्णाची पाठ पाहावी आणि चौकोनी लालसर डाग दिसल्यास मलम लावत न बसता अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

हाडांच्या स्कॅनसारख्या तपासणीत किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सहा तासांचे असते. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीला जावे आणि तान्ह्या बाळाला फार वेळ कुशीत घेऊ नये. बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधीच सांगावे. थायरॉइडच्या कर्करोगासाठी देतात त्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते, म्हणून रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावर किती दिवस वेगळे झोपायचे आणि नातवंडांना किती दिवस लांब ठेवायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. प्रेमापोटी हे दिवस कमी करू नयेत.

केंद्र निवडताना नजर टाकायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना केंद्राकडे असला पाहिजे, यंत्र सुरू असताना दार बंद आणि दारावरचा लाल दिवा लागलेला असला पाहिजे, आणि टेक्निशियनच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा छोटा बॅज दिसला पाहिजे. त्या टेक्निशियनसाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, कारण किरणांचा फायदाही त्यालाच मिळणार असतो. म्हणूनच त्याचा हिशेब घरातल्या कुणीतरी ठेवावा लागतो.

मामींच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी आता चार रकाने आखले आहेत: तारीख, शरीराचा भाग, केंद्र आणि एकूण डीएलपी. सीडीतली चित्रे पेनड्राइव्हवर उतरवून तो त्याच फाइलच्या कप्प्यात चिकटपट्टीने बसवला आहे, आणि डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या पिशवीआधी ती फाइल हातात घेतली जाते.