स्पेनच्या किनाऱ्यावरील गोल्फ वसाहतीत घर घेताना या चुका टाळा

आलिकान्तेपासून कादिसपर्यंतच्या स्पॅनिश किनाऱ्यावर गोल्फच्या मैदानाभोवती वसवलेल्या शेकडो निवासी वसाहती आहेत. त्यांतल्या काही जुन्या आणि नामांकित आहेत. सोतोग्रांदेची आखणी १९६२ मध्ये सुरू झाली आणि तिला लागून असलेल्या वाल्देर्रामा मैदानावर १९९७ मध्ये रायडर कप ही युरोप आणि अमेरिका यांच्यातली गोल्फ स्पर्धा खेळली गेली. मुर्सियातील मार मेनोर या खाऱ्या सरोवराच्या परिसरातल्या अनेक वसाहती मात्र या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बांधकामाच्या लाटेत उभ्या राहिल्या आणि २००८ च्या मंदीत त्यांना जबर फटका बसला. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने निवांत ठिकाणी घालवावेत, म्हणून भारतातली आणि इंग्लंड-जर्मनीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता अशा घरांची चौकशी करू लागली आहेत. अशा ठिकाणची शांतता आपोआप टिकत नाही, ती नियमांवर आणि दरमहा जमा होणाऱ्या वर्गणीवर टिकते, आणि बहुतेक खरेदीदार घर बारकाईने पाहतात पण ही व्यवस्था पाहतच नाहीत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

घर घेतले म्हणजे राहता येईल, हा समज

पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्याला निवासाचा परवाना देणारी गोल्डन व्हिसाची योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे, तरीही काही एजंट तिचा उल्लेख करून घरे दाखवतात. आज स्पेनमध्ये घराची मालकी आणि तिथे राहण्याचा हक्क यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या मालकाला शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या मराठी माणसालाही, व्हिसाची गरज नसली तरी, हीच ९० दिवसांची मर्यादा लागू आहे.

त्याहून अधिक काळ राहायचे असेल तर नोकरी न करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी सरकारने ठरवलेल्या ‘इप्रेम’ या निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. दरमहा ६०० युरोंच्या इप्रेमनुसार ही रक्कम वर्षाला २८,८०० युरो होते आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीमागे आणखी ७,२०० युरो लागतात. या व्हिसावर घरात बसून पुण्यातल्या कंपनीचे काम करणेही चालत नाही. शिवाय वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस राहिल्यास तुम्ही स्पेनचे करनिवासी ठरता आणि भारतातले भाडे, व्याज, लाभांश हे सगळे तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. म्हणून किती दिवस राहायचे हे आधी ठरवावे आणि घराचा शोध त्यानंतर सुरू करावा.

वसाहतीचे हिशेब न पाहणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. स्पेनमध्ये १९६० च्या कायद्यानुसार प्रत्येक इमारतीची वा वसाहतीची मालकसंस्था असते. तिला ‘कोमुनिदाद’ म्हणतात आणि तिचे दैनंदिन काम बहुधा नेमलेला व्यावसायिक प्रशासक पाहतो. या कायद्यातली एक तरतूद खरेदीदाराने पाठ करावी अशी आहे: आधीच्या मालकाने थकवलेल्या वर्गणीपैकी चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर नव्या मालकाकडे येते. म्हणून खरेदीखताच्या वेळी थकबाकी नसल्याचा प्रशासकाचा दाखला मागितला जातो. ‘नंतर पाठवतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याचे ऐकून सही करू नये.

पण दाखला एका घरापुरता असतो. वसाहतीची प्रकृती कळते ती सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांतून. मागच्या तीन वर्षांची इतिवृत्ते मागून घ्यावीत, कोणाकडून तरी त्यांचा अनुवाद करून घ्यावा आणि तीन गोष्टी शोधाव्यात. किती मालक वर्गणी थकवून बसले आहेत? छत, पोहण्याचा तलाव किंवा संरक्षक भिंतीसाठी जादा वर्गणी मंजूर झाली आहे का, की तो विषय दरवर्षी पुढे ढकलला जातो आहे? कोणाविरुद्ध दावे चालू आहेत? वर्षातले आठ महिने निम्मी घरे बंद असलेल्या वसाहतीत वर्गणी थकण्याचे प्रमाण वाढले, की बागकाम आणि सुरक्षारक्षक यांच्यावरचा खर्च आधी कमी होतो, म्हणजे ज्यासाठी घर घेतले त्याच गोष्टीला कात्री लागते. मोठ्या वसाहतींत इमारतीची एक आणि संपूर्ण परिसराची दुसरी अशा दोन संस्था असू शकतात. जाहिरातीत त्यांपैकी एकाच वर्गणीचा आकडा दिला जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

गोल्फचे मैदान हा आणखी वेगळा विषय आहे. बहुतेक ठिकाणी मैदान घरमालकांचे नसून स्वतंत्र कंपनीचे असते, घराच्या किमतीत सदस्यत्व येत नाही आणि प्रत्येक फेरीचे शुल्क वेगळे भरावे लागते. मंदीच्या काळात मैदाने बँकांच्या ताब्यात गेली, काही सुकली, आणि ‘मैदानाला लागून’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली घरे वाळलेल्या गवतासमोर उभी राहिली. मैदान कोणाच्या नावावर आहे, नगरपालिकेच्या विकास आराखड्यात त्या जमिनीचा वापर काय नोंदवला आहे आणि मैदानाला पाणी कुठून मिळते, ही माहिती आधी काढावी. मुर्सिया आणि दक्षिण आलिकान्ते हा मुळात कोरडा प्रदेश आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा पक्का करार असलेले मैदान दुष्काळात तग धरते.

भाड्याच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून खरेदी करणाऱ्यांनी तर अधिकच जपून राहावे. एप्रिल २०२५ पासून पर्यटकांना नव्याने घर भाड्याने देण्यासाठी वसाहतीतल्या तीन पंचमांश मालकांची आगाऊ संमती लागते. शांतता जपणाऱ्या वसाहती ती सहजासहजी देत नाहीत, आणि ते योग्यही आहे.

नोटरी सगळे तपासतो, असे गृहीत धरणे

स्पेनमधला नोटरी सही करणाऱ्यांची ओळख पटवतो आणि दस्त कायदेशीर स्वरूपात नोंदवतो. तो तुमचा वकील नसतो. एजंटाने सुचवलेला वकीलही टाळावा, कारण व्यवहार पूर्ण झाला तरच एजंटाला कमिशन मिळते. आपला वकील स्वतः शोधावा. प्रत्येक सहीसाठी प्रवास करणे शक्य नसेल तर त्याला केवळ या व्यवहारापुरतेच कुलमुखत्यारपत्र द्यावे. परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक, म्हणजे एनआयई, मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा तो अर्ज सगळ्यांत आधी करावा.

पहिला कागद मागवायचा तो ‘नोता सिंप्ले’, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा साधा उतारा. साधारण १० युरोंत तो ऑनलाइन मिळतो. त्याच्या पहिल्या भागात घराचे वर्णन आणि क्षेत्रफळ असते. ते प्रत्यक्ष घराशी ताडून पाहावे. काचेने बंदिस्त केलेली गच्ची किंवा मागाहून बांधलेली जादा खोली वर्णनात नसेल तर ते बांधकाम परवान्याविना झाल्याची शक्यता असते. दुसऱ्या भागात मालकांची नावे आणि हिस्से असतात. विक्री पतीने ठरवलेली असली आणि निम्मा हिस्सा विभक्त पत्नीचा असला, तर ते इथेच उघड होते. तिसऱ्या भागात बोजे असतात: गहाण, जप्ती, करासाठीचा हक्क. कर्ज पूर्ण फेडलेले असूनही गहाणाची नोंद तशीच राहिलेली असू शकते, आणि ती काढण्याचा खर्च विक्रेत्याने करायचा, हे करारातच लिहून घ्यावे. इसार देण्याच्या आदल्या दिवशी आणि खरेदीखताच्या दिवशी पुन्हा नवा उतारा काढावा.

इसाराचा करार, म्हणजे ‘आर्रास’, सहसा किमतीच्या १० टक्क्यांचा असतो. त्याचा नेहमीचा प्रकार असा की खरेदीदाराने माघार घेतली तर इसार बुडतो आणि विक्रेत्याने माघार घेतली तर त्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते. व्हिसा, पैसे पाठवण्याची मर्यादा किंवा एखादी परवानगी यांमुळे उशीर होऊ शकतो, म्हणून मुदत भरपूर ठेवावी आणि या अटी करारात स्पष्ट लिहाव्यात. परवानगीचा उल्लेख सहज केलेला नाही. कार्ताखेनाचा परिसर, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा पट्टा आणि बालेआरिक बेटे यांसारख्या ठरावीक भागांत युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना काही मालमत्तांसाठी लष्करी अधिकाऱ्यांची परवानगी लागते. शहरी आराखड्यातील जमिनीला सूट मिळू शकते, पण ते वकिलाकडून लेखी घ्यावे.

विक्रेता स्वतः स्पेनचा निवासी नसेल (या वसाहतींत तो पुष्कळदा ब्रिटिश, जर्मन किंवा नॉर्वेजियन असतो), तर किमतीतले ३ टक्के कापून महिनाभरात स्पेनच्या करखात्यात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. अशा वेळी नगरपालिकेचा जमीनमूल्यवाढीचा करही विक्रेत्याच्या जागी खरेदीदाराकडून वसूल होऊ शकतो, तेव्हा तेवढी रक्कम रोखून ठेवावी.

एकूण अंदाजपत्रकात किमतीखेरीज १० ते १४ टक्के धरावेत. जुन्या घरावर हस्तांतर कर लागतो. त्याचा दर प्रांतागणिक वेगळा असून आंदालुसियात तो ७ टक्के आहे. नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि त्याशिवाय मुद्रांक शुल्क लागते. २०२२ पासून हस्तांतर कर सरकारी संदर्भमूल्यापेक्षा कमी रकमेवर मोजला जात नाही, त्यामुळे घर स्वस्तात मिळाले तरी कर स्वस्त होतोच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव मांडला होता. इसार देण्यापूर्वी त्याची ताजी स्थिती वकिलाला विचारावी.

ऊन पाहिले, पाणी पाहिले नाही

मार मेनोरकाठचे लोस आल्कासारेस २०१६ च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुराखाली गेले. एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांतून काही तासांत चिखलाचा लोंढा येतो. पूररेषांचे सरकारी नकाशे सर्वांना खुले आहेत. घर त्यांवर शोधून पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. मार मेनोर सरोवरात २०१९ आणि २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर मासे मेले, आणि २०२२ मध्ये त्याला कायद्याने व्यक्तीचा दर्जा देण्यात आला. त्याच्या काठी घर घेणाऱ्याने ‘समुद्राजवळ’ म्हणजे कोणत्या पाण्याजवळ, हे विचारावे. अगदी पहिल्या रांगेतले घर असेल तर १९८८ च्या किनारा कायद्याखालील रेषा वकिलाकडून तपासून घ्यावी, कारण सार्वजनिक किनारपट्टीत येणाऱ्या घराची पूर्ण मालकी मिळत नाही.

घर ऑगस्टमध्ये पाहून घेऊ नये, निदान फक्त ऑगस्टमध्ये तरी नाही. फेब्रुवारीत गेल्यावर कोणती दुकाने उघडी आहेत, बस किती वेळाने येते आणि दवाखाना किती दूर आहे, हे समजते. फरशीची, उष्णतारोधन नसलेली घरे जानेवारीत आतून चांगलीच गार असतात. गाडीवाचून बहुतेक वसाहतींत चालत नाही, आणि निवासी झाल्यावर सहा महिन्यांनी भारतीय वाहनपरवाना चालत नाही. मैदानालगतच्या घरासाठी एक खास तपासणी: पहिल्या फटक्याचे चेंडू जिथे उतरतात तिथे, खेळणाऱ्याच्या उजव्या बाजूला घर असेल तर छताच्या कौलांवर, काचांवर आणि तलावाच्या तळाशी खुणा शोधाव्यात. गवत कापणारी यंत्रे पहाटेच सुरू होतात, तेव्हा एक सकाळ तिथे काढावी.

भारतातून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. त्याहून महाग घरासाठी पती-पत्नी दोघांची मर्यादा वापरायची असेल तर खरेदीखतात दोघांची नावे सहमालक म्हणून असणे सुरक्षित. दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. एका व्यक्तीने दोन कोटी पाठवले तर ३८ लाख रुपये अडकतात. ते आयकरात वळते होतात, पण तोवरची सोय करावी लागते. परदेशातील घर दरवर्षी आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावेच लागते. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

चूक होऊन गेली असेल तर

घर भाड्याने दिलेले नाही, म्हणून कर नाही, असे समजून कित्येक मालक वर्षानुवर्षे विवरणपत्र भरत नाहीत. स्पेन अनिवासी मालकाचे गृहीत उत्पन्न धरते: सरकारी मूल्यांकनाच्या १.१ किंवा २ टक्के, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांना त्यावर २४ टक्के कर. मूल्यांकन ८०,००० युरो आणि दर १.१ टक्के असेल तर हा कर २११ युरो होतो, म्हणजे मोठा नाही. ‘मोदेलो २१०’ हा अर्ज पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत, प्रत्येक सहमालकाने वेगळा भरायचा असतो. तो राहिला असेल तर नोटीस येण्याआधी स्वतःहून मागच्या चार वर्षांचे अर्ज भरावेत. तेव्हा अधिभार लागतो, नोटिशीनंतर दंड लागतो.

घरपट्टीची मागणी बंद घराच्या पत्रपेटीत पडून राहते आणि अधिभार वाढतो. त्यावर उपाय म्हणजे स्पॅनिश बँक खात्यातून आपोआप वजावटीची सूचना. वसाहतीचा एखादा ठराव अन्यायकारक वाटला तर आव्हान द्यायला साधारणतः तीन महिने आणि कायदाविरोधी ठरावाला एक वर्ष मिळते, मात्र त्यासाठी आपली वर्गणी चुकती असावी लागते. सभेला जाता येत नसेल तर लेखी प्रतिनिधी नेमावा. राहून जाणारे शेवटचे काम मृत्युपत्राचे. युरोपीय संघाच्या २०१५ पासून लागू असलेल्या नियमामुळे आपल्या नागरिकत्वाचा वारसा कायदा निवडता येतो, पण ती निवड मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी लागते. स्पेनमधल्या घरापुरते वेगळे मृत्युपत्र तिथल्याच नोटरीकडे करावे. भारतातल्या मृत्युपत्राने ते रद्द होणार नाही अशी त्याची भाषा आहे, याची खात्री दोन्हीकडच्या वकिलांकडून करून घ्यावी.