जुन्या पद्मिनीला पार्ट घडवून बसवताय? या चुका टाळा

आंबा घाटात एप्रिलच्या भर दुपारी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा दोष इंजिनला पेट्रोल पोहोचवणाऱ्या पंपाचा नव्हता, माझ्या हौसेचा होता. त्याआधी इंजिन आणि पंप यांच्यामधला मूळचा काळा, जाड स्पेसर, म्हणजे मध्ये बसणारा तुकडा, तडकला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं थांबून वीस वर्षं उलटली. 2023 साली मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही गेल्या आणि टॅक्सींच्या जिवावर चालणारा स्पेअरचा बाजार आटला. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲल्युमिनियमचा स्पेसर करून घेतला. इतका देखणा, की बसवायच्या आधी चार जणांना दाखवला! मूळ पार्ट बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या कडक प्लास्टिकचा, का होता, हे मात्र एकदाही मनात आलं नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच: आकार उतरवायचा आणि काम विसरायचं. तो स्पेसर इंजिनची उष्णता पंपापर्यंत पोहोचू देत नाही. ॲल्युमिनियम ती बेकेलाइटच्या शेकडो पट वेगाने वाहून नेतं. पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ढकलत बसतो आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो. ओळखायची खूण सोपी आहे. बंद पडलेल्या गाडीच्या पंपावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. गाडी सुरू झाली, तर आधी उष्णतेवर संशय घ्या. उगाच प्लग बदलत बसू नका.

जाडीचंही तसंच. इंजिनमधल्या फिरत्या कॅमचा धक्का पंपाच्या दांड्याला किती बसणार, हे या स्पेसरवर ठरतं. जास्त जाड झाला तर चढावर पेट्रोल कमी पडतं. पातळ झाला तर दांडा जादा दाबला जातो आणि एखाद्या दिवशी पंपच जातो. हायलमची, म्हणजे बेकेलाइटच्याच जातीची, शीट घ्या. जुन्या तुकड्याची न तडकलेली बाजू व्हर्नियरने मोजा, दोन्हीकडच्या दाबल्या गेलेल्या गॅस्केटांसकट (गॅस्केट म्हणजे सांधा बंद करणारी पातळ चकती). नवं गॅस्केट थोडं दबणार, तेही धरा.

गॅस्केटवरून आठवलं. लग्नपत्रिकेचं गॅस्केट घरी पोहोचवतं, हे मी नाकारत नाही. पण ते महिनाभर ठेवू नका. कागद पार्टवर धरून हातोडीने कडा उमटवायची सवय लोखंडी कव्हरवर चालते. कार्बोरेटरच्या मऊ धातूवर केली, की कडा मुडपते आणि हवा ओढायला लागते. ‘वरून थोडं सिलिकॉन मार’ असं कुणी सांगेलच. पेट्रोलच्या जागी नेहमीचं सिलिकॉन फुगून सुटतं. ऑइलच्या बाजूला आत पिळलं गेलेलं तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं.

पेट्रोलला फिश टँकची पारदर्शक नळी? नकोच. आतून पेट्रोल दिसतं म्हणून बरी वाटते, पण ती कडक होऊन क्लिपपाशी चिरते, खाली गरम इंजिन असतं. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तर जुनं रबरही लवकर खराब होतं. ‘एसएई जे30 आर9’ छापलेली नळी मागा.

फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळू नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

ब्रेक आणि स्टिअरिंगला काहीही घडवून लावू नका, इथे माझं मत ताठर आहे. चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरांना साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं, तरी ती फुगून ब्रेक धरून ठेवतात. तिथे अस्सल किट मिळेपर्यंत गाडी उभी राहू दे.

माझा तडकलेला स्पेसर नशिबाने डिकीतच होता. उद्यमनगरात दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा लेथवाल्या काकांनी तो हातात घेतला, नख मारून पाहिलं आणि म्हणाले, “हे हायलमचं काम. मागच्या वेळी तुकडा दाखवला असता तर तेव्हाच सांगितलं असतं की.”